हवेच्या जोरावर थांबणारा ट्रक

घाटात एखाद्या मालट्रकने पुढची वाहने चिरडली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असते : 'ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा वाहनावरील ताबा सुटला.' वीज कोसळल्याची बातमी वाचावी तसे आपण ते वाक्य वाचतो आणि पान उलटतो. ब्रेक निकामी होणे ही जणू दैवी आपत्ती! प्रत्यक्षात अवजड वाहनांतील एअर ब्रेक यंत्रणा सहसा एकाएकी दगा देत नाही. बिघडण्यापूर्वी ती कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, खुणा दाखवीत असते. त्या खुणा ओळखण्यासाठी खडूचा तुकडा, मोजपट्टी, साबणाचे पाणी आणि वीस-पंचवीस मिनिटे एवढेच भांडवल लागते.

पुण्यातील नवले पुलाच्या परिसरात २० नोव्हेंबर २०२२ रोजी रात्री एका ट्रकने ४८ वाहनांना धडक दिली. तेव्हाही प्रथम ब्रेक निकामी झाल्याचेच बोलले गेले. प्राथमिक तपासात मात्र चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्याचे पुढे आले. या दोन कारणांतील फरक समजायचा, तर ट्रक मुळात थांबतो कसा हे पाहावे लागेल.

पाय फक्त तोटी उघडतो

मोटारीत आपण पेडल दाबतो तेव्हा पायाचा जोर तेलातून थेट चाकापर्यंत जातो. पंचवीस-तीस टनांच्या वाहनाला हा जोर पुरा पडत नाही. म्हणून तेथे काम हवा करते. इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून टाक्यांत भरतो. हा दाब गाडीच्या बनावटीनुसार साधारण आठ ते दहा बार, म्हणजे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या तीन-चार पट असतो. टाकी भरली की नियंत्रक व्हॉल्व्ह जादा हवा बाहेर सोडून देतो. सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या बसमधून मधूनच येणारा 'फुस्स' आवाज बहुधा त्याचाच असतो.

चालकाच्या पायाखालचे पेडल म्हणजे या हवेची तोटी होय. ती उघडली की हवा नळ्यांवाटे प्रत्येक चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये शिरते. आपल्याकडचे मिस्त्री त्याला सर्रास 'बूस्टर' म्हणतात. आत रबरी पडदा असतो. हवा त्याला ढकलते, पडदा पुशरॉड नावाच्या दांड्याला बाहेर ढकलतो, दांडा स्लॅक अ‍ॅडजस्टर ही तरफ फिरवतो, तरफेला जोडलेला इंग्रजी 'एस'च्या आकाराचा कॅम वळतो आणि लायनर लावलेले दोन शू ड्रमच्या आतील भिंतीवर घट्ट बसतात. तीस चौरस इंचांच्या पडद्यावर सात बार दाब आला, तर दांड्यामागे जवळजवळ १,३५० किलोंचा रेटा तयार होतो. असा एक चेंबर एका चाकाला.

मग हवाच संपली तर? हा प्रश्न रेल्वेत जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांच्यासमोर उभा राहिला होता. १८६९ मध्ये त्यांनी पेटंट घेतलेल्या पहिल्या रचनेत नळी तुटली की ब्रेक जात. १८७२ च्या सुधारित रचनेत त्यांनी हे गणितच उलटे केले : दाब उतरला की ब्रेक लागतात. ट्रकमध्ये हाच विचार वेगळ्या मार्गाने आला आहे. मागील चाकांच्या चेंबरला जोडून एक जाड, दबलेली स्प्रिंग असते. हवा तिला मागे रेटून धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि चाके जखडतात. हँडब्रेक लावताना चालक याच स्प्रिंगमागची हवा सोडून देत असतो. शिवाय पायाच्या ब्रेकचे पुढील व मागील चाकांसाठी दोन स्वतंत्र मार्ग केलेले असतात, त्यामुळे एक फुटला तरी दुसरा उरतो.

याचा अर्थ असा की, धडधाकट यंत्रणेत 'हवा गेली आणि ट्रक मोकाट सुटला' ही गोष्ट सहजासहजी घडू नये. हवा गेली तर ट्रक जागच्या जागी अडकला पाहिजे. भर रस्त्यात चाके जाम होऊन उभा राहिलेला ट्रक आपल्याला त्रासदायक वाटतो. त्या क्षणी तो नेमून दिलेले काम करत असतो. मोकाट सुटणाऱ्या ट्रकच्या टाकीत बऱ्याचदा हवा भरपूर असते. दोष असतो तो टाकीच्या पुढे, चाकाजवळ.

जे पायाला कळत नाही

येथे एअर ब्रेकचा सर्वांत घातक स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. मोटारीचे ब्रेक ढिले झाले की पेडल खाली जाऊ लागते आणि चालक गॅरेज गाठतो. एअर ब्रेकमध्ये असा कोणताही निरोप पायाला मिळत नाही. लायनर झिजले, स्लॅक ढिला झाला, दांड्याची धाव वाढली, तरी पेडल तसेच लागते आणि काटाही पूर्ण दाब दाखवतो. हलक्या ब्रेकने गाडी थांबतेही. उणीव उघडी पडते ती घाटात, पूर्ण वजनाने, ब्रेक तापल्यावर.

यामागचे गणित सोपे आहे. तीस चौरस इंची साध्या चेंबरमधील दांडा जास्तीत जास्त अडीच इंच, म्हणजे सुमारे ६४ मिलिमीटर बाहेर येऊ शकतो. धाव दोन इंचांच्या, म्हणजे ५१ मिलिमीटरच्या पुढे गेली की तो ब्रेक जुळणीबाहेर गेला असे मानतात. थंड चाकावर ही धाव ५१ मिलिमीटर आहे असे समजू. ट्रक घाट उतरू लागला. ड्रम तीनशे अंशांनी तापला तर त्याचा व्यास मिलिमीटरभराहून अधिक वाढतो, म्हणजे ड्रमची भिंत शूपासून दूर सरकते. मिलिमीटर ही क्षुल्लक बाब वाटेल. पण कॅम आणि तरफेच्या प्रमाणामुळे तेवढे अंतर भरून काढायला दांड्याला साधारण सेंटिमीटरभर अधिक बाहेर यावे लागते. ५१ आणि १० मिळून ६१. चेंबरचा तळ आता तीन मिलिमीटरवर आहे आणि या टोकाशी दांड्याचा रेटा झपाट्याने ओसरतो. चालक पेडल आणखी दाबतो, काटा आठ बार दाखवतो आणि ट्रकचा वेग मात्र वाढतच जातो. त्यातच अतितप्त लायनरची पकड सुटू लागते. जळका वास, चाकातून धूर ही त्यापुढची पायरी. चालक नंतर 'ब्रेक लागलेच नाहीत' असे सांगतो तेव्हा तो बहुधा खरेच सांगत असतो. पण ते त्या वळणावर गेलेले नसतात. ते तीन आठवड्यांपूर्वी, कोणीतरी धाव मोजायची राहिली तेव्हाच गेलेले असतात.

म्हणून एअर ब्रेकच्या देखभालीत दांड्याची धाव मोजणे हे सर्वांत मोलाचे आणि, खेदाची गोष्ट, सर्वांत दुर्लक्षित काम आहे. पद्धत अशी : सपाट जागेवर चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, हवा पूर्ण भरावी, इंजिन बंद करून हँडब्रेक सोडावा. दांडा चेंबरमधून जेथे बाहेर पडतो तेथे त्यावर खडूने खूण करावी. दुसऱ्या माणसाने पेडल घट्ट दाबून धरावे. या वेळी दाब सहा-सात बारच्या आसपास असावा. चेंबरचे तोंड आणि खडूची खूण यांतील अंतर म्हणजे धाव. ती प्रत्येक चाकावर मोजावी. चेंबरच्या आकारानुसार मर्यादा बदलते, म्हणून गाडीच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. एकाच धुरीवरच्या डाव्या-उजव्या चाकांत ठळक फरक असेल तर दोन्ही मर्यादेत असूनही गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढली जाते.

हाताने जुळवायच्या स्लॅकवर नट असतो. शू ड्रमला टेकेपर्यंत तो आवळायचा आणि मग पाव ते अर्धा फेरा मागे घ्यायचा. नव्या ट्रकांत स्वयंचलित स्लॅक असतात. झीज होईल तसे ते स्वतःच धाव आवरून घेतात. मात्र त्यांनी एक गोड गैरसमजही आणला आहे. स्वयंचलित स्लॅकची धाव वाढलेली दिसली की मिस्त्री पाना घालून नट आवळतो, धाव बरोबर येते, ट्रक रस्त्याला लागतो. पण जो स्वतः जुळायला हवा तो जुळला नाही, याचाच अर्थ तो स्वतः तरी बिघडला आहे किंवा कॅमचे बुश झिजले आहेत, शू अडकले आहेत. आवळल्याने आकडा सुधारतो, रोग तसाच राहतो आणि काही दिवसांत धाव पुन्हा वाढते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील ग्लेन रॉक येथे एप्रिल २००३ मध्ये एक डंपर उतारावर न थांबता मोटारींवर आदळला. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत वाहनावरील जादा भार, एअर ब्रेकचे प्रशिक्षण नसलेला चालक आणि नीट न राखलेले ब्रेक या गोष्टींसोबत स्वयंचलित स्लॅक हाताने आवळण्याच्या सवयीवरही बोट ठेवण्यात आले. आपल्या गॅरेजांतूनही ही सवय नवी नाही.

पाणी, तेल आणि गळती

हवा दाबली की तिच्यातले पाणी बाहेर पडते. पावसाळ्यात कोकणपट्टीत तीस अंश तापमानाच्या दमट हवेत घनमीटरमागे सुमारे तीस ग्रॅम बाष्प असते. ही हवा आठ बारपर्यंत दाबून थंड केली तर त्यातील बहुतांश बाष्पाचे पाणी होते. ते टाकीत साचले की हवेची जागा कमी होते, टाकी आतून गंजते आणि गंजाचे कण व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. हिमाचल-काश्मीरच्या हिवाळ्यात हेच पाणी नळीत गोठते.

आजच्या ट्रकांत कॉम्प्रेसर आणि टाक्यांच्या मध्ये एअर ड्रायर असतो; त्यातील ओलावा शोषणारे दाणे हवा कोरडी करतात. हे दाणे अमर नसतात. ड्रायरचे कार्ट्रिज निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत बदलावेच लागते आणि खर्च वाचवण्यासाठी सर्वांत आधी पुढे ढकलले जाते तेही तेच. ते संपल्याची साक्ष टाकी देते. प्रत्येक टाकीच्या तळाचा ड्रेन कॉक ओढून पाहावा. जुन्या, ड्रायर नसलेल्या गाडीत हे काम रोजचे. ड्रायर असेल तर आठवड्यातून एकदा पुरे. थेंबभर ओल चालेल. पाण्याची धार आली तर ड्रायर संपला. ताकासारखे दुधी, तेलकट पाणी आले तर कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजून तेल हवेत मिसळत आहे असे समजावे. हे तेल पुढे प्रत्येक व्हॉल्व्हचे रबर फुगवत जाते. तेव्हा दुरुस्ती कॉम्प्रेसरपासूनच सुरू करायला हवी, नुसते कार्ट्रिज बदलून भागत नाही.

गळतीची परीक्षा कानाने आणि काट्याने होते. टाक्या भरून इंजिन बंद करावे, हँडब्रेक सोडावा आणि मिनिटभर काट्याकडे पाहावे. मग पेडल दाबून धरून पुन्हा मिनिटभर. अमेरिकेत अवजड वाहनाचा परवाना मागणाऱ्या उमेदवाराला ही चाचणी परीक्षकासमोर करून दाखवावी लागते. तेथील मापाप्रमाणे पेडल दाबलेले असताना एकट्या ट्रकमध्ये मिनिटाला ३ पौंडांहून, म्हणजे सुमारे ०.२ बारहून अधिक दाब उतरता कामा नये. ट्रेलर जोडलेला असेल तर ४ पौंडांहून. पेडल सोडल्यावर दाब टिकतो आणि दाबल्यावर उतरतो, तर दोष बहुधा चेंबरचा पडदा किंवा त्याच्या नळीत असतो. साबणाचे पाणी सोडले की बुडबुडे जागा दाखवतात.

गळक्या चाकाची नळी मुडपून किंवा तिच्या तोंडात बोल्ट ठोकून 'मुक्कामापर्यंत' जाण्याचा जुगाड रस्त्यावर चालतो. त्याने गळती थांबते, पण त्या चाकाचा ब्रेकही थांबतो आणि त्याच्या वाट्याची उष्णता उरलेल्या चाकांना सोसावी लागते. दुसरे, स्प्रिंग असलेल्या चेंबरचा पट्टा कोणीही, कधीही खोलून पाहू नये. आतील स्प्रिंग टनाच्या आसपासच्या जोराने दबलेली असते. ती सुटली तर समोरच्या माणसाचा जीव घेऊ शकते. बंद पडलेला ट्रक ओढून नेण्यासाठी ही स्प्रिंग बोल्टने बांधून ठेवतात. दुरुस्तीनंतर तो बोल्ट काढायचा राहिला, तर हँडब्रेक नावापुरताच उरतो.

पुढची चाचणी सुरक्षा-व्यवस्थेची. इंजिन बंद, इग्निशन चालू, चाकांना ठोकळे लावलेले. पेडल वारंवार दाबून हवा संपवत जावे. दाब चार-साडेपाच बारच्या दरम्यान, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याशी, लाल दिवा लागला पाहिजे किंवा बझर वाजला पाहिजे. हवा आणखी उतरली की मागची चाके स्प्रिंगने आपोआप जखडली पाहिजेत. कित्येक जुन्या ट्रकांत हा बझर 'फार वाजतो' म्हणून तारेपासून तोडलेला आढळतो. शेवटी इंजिन सुरू करून हँडब्रेक लावलेल्या स्थितीत पहिल्या गिअरमध्ये गाडी हळूच ओढून पाहावी, आणि हँडब्रेक सोडून पाच-दहा किलोमीटर वेगाने नेऊन ब्रेक लावावा. गाडी कोणत्या बाजूला खेचते, ते तेवढ्यातच कळते.

घाटाचा हिशेब

खंडाळ्याहून खोपोलीपर्यंतचा उतार साधारण पाचशे मीटरचा आहे. तीन धुऱ्यांच्या ट्रकचे मान्य एकूण वजन २०१८ पासून २८.५ टन आहे. एवढे वजन पाचशे मीटर खाली आणताना जी ऊर्जा मुक्त होते ती सुमारे ३९ युनिट विजेइतकी, म्हणजे साडेचारशे लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. ती सारी ब्रेक ड्रममध्ये जिरवायची की काही भाग इंजिनकडे सोपवायचा, एवढाच प्रश्न घाटमाथ्यावर चालकापुढे असतो. खालच्या गिअरमध्ये, एक्झॉस्ट ब्रेक लावून उतरले तर इंजिन स्वतःच गाडीला मागे खेचते आणि पायाचा ब्रेक थंड राहतो. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरावा, असे जुने चालक सांगत. आजची इंजिने ताकदवान असल्याने ती वरच्या गिअरमध्येही चढतात, म्हणून उतरताना त्याहूनही खालचा गिअर घ्यावा लागतो. तोही माथ्यावरच; उतारावर वेग वाढल्यावर गिअर बदलायला गेले तर गाडी न्यूट्रलमध्येच अडकण्याची भीती असते.

न्यूट्रलमध्ये इंजिन बंद करून सोडलेल्या ट्रकमध्ये एकाच वेळी तीन आधार जातात. इंजिनचा रोध जातो, पॉवर स्टीअरिंग जड होते आणि कॉम्प्रेसर थांबतो. यापुढे ब्रेकचा प्रत्येक दाब टाकीतील शिल्लक खातो. ड्रम तापलेले, हवा उतरत चाललेली आणि अखेरीस स्प्रिंग सुटून मागची चाके भरवेगात एकदम जखडणार. हे सारे डिझेल वाचवण्यासाठी! वास्तविक आधुनिक डिझेल इंजिन गिअरमध्ये असताना, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेल्या उतारावर इंधन घेतच नाही. इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये उतरणारा ट्रक उलट आयडलिंगपुरते डिझेल जाळत असतो.

२०१५ मध्ये नव्या अवजड वाहनांना एबीएस सक्तीचे झाले. निसरड्या रस्त्यावर चाके घसरू न देण्याचे काम ते चोख करते. ढिल्या स्लॅकला किंवा तापलेल्या ड्रमला त्याच्याकडे उपाय नाही. योग्यता प्रमाणपत्राचेही तसेच. मालवाहू वाहनाला पहिली आठ वर्षे ते दोन वर्षांतून एकदा आणि नंतर दरवर्षी घ्यावे लागते. रोलरवर केलेली ब्रेकची चाचणी त्या दिवसापुरती खरी असते, स्लॅक मात्र महिन्याभरातही ढिला होऊ शकतो.

हा सारा प्रपंच केवळ ट्रकमालकांचा नव्हे. सोसायटीत रोज येणारा पाण्याचा मोठा टँकर, मुलांची मोठी स्कूलबस, एसटी, बांधकामावरचा डंपर, सर्वांची यंत्रणा हीच. शाळेच्या परिवहन समितीतील पालकांना किंवा टँकरचे कंत्राट देणाऱ्या सोसायटीला कंत्राटदाराकडे काही साध्या गोष्टी मागता येतील : दांड्याची धाव शेवटची कधी मोजली आणि प्रत्येक चाकाचा आकडा किती आला याची नोंदवही, ड्रायरचे कार्ट्रिज बदलल्याची तारीख, आणि लाल दिवा व बझर चालू असल्याचे समोर प्रात्यक्षिक. घाटात मोटार चालवणाऱ्यांनी ट्रकसमोरच्या मोकळ्या जागेत घुसण्याचे टाळावे. चालकाने ती जागा थांबण्यासाठीच राखलेली असते. पुढच्या ट्रकच्या चाकांतून जळका वास किंवा धूर येऊ लागला तर त्याच्या मागे-पुढे न रेंगाळता सुरक्षित अंतर ठेवावे आणि जमेल तेथे महामार्ग पोलिसांना कळवावे. अशा चाकांवर लगेच पाणी ओतू नये; तापलेल्या ड्रमला तडे जातात. गाडी सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून उभी करावी आणि ड्रम आपोआप निवू द्यावेत. त्यानंतर धाव पुन्हा मोजून आणि लायनर तपासूनच ती पुढे न्यावी.